अटक झाली, पण कुणी केली? मुंबईतल्या एका शोधाचा प्रकरण अभ्यास

(नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

रोहन, वय २६. गोवंडीत आई आणि मामा-मामींसोबत राहतो, दादरजवळच्या एका गोदामात पार्सलं वेगळी करण्याचं काम करतो. एका शनिवारी रात्री साडेनऊला त्याने आईला फोन केला, "निघालोय, जेवायला थांबू नका." त्यानंतर फोन बंद. साडेबाराच्या सुमारास गोदामातल्या मित्राकडून एवढंच कळलं, की गाडी बदलायच्या स्टेशनवर राडा झाला आणि पोलीस दोन-तीन पोरांना घेऊन गेले.

नंतर कागदांवरून उलगडलं ते असं. लोकलच्या खच्चून भरलेल्या डब्यात एका प्रवाशाचा मोबाईल गेला. तो रोहनच्या पायाशी सापडला. लोकांनी त्याला धरून फलाटावरच्या रेल्वे सुरक्षा दलाच्या, म्हणजे आरपीएफच्या, जवानाकडे दिलं आणि आरपीएफने लोहमार्ग पोलिसांकडे, म्हणजे रेल्वेच्या हद्दीतल्या पोलिसांकडे. प्रवाशाने फिर्याद दिली. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०५ लागलं, त्यात प्रवासी वाहनातून वस्तू चोरल्यास ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अटकेची वेळ लिहिली गेली रात्री ११:४०. घरच्यांना ठावठिकाणा लागला रविवारी दुपारी सव्वादोनला.

अडचण कुठे होती

अमेरिकेत बऱ्याच काउंटींचे तुरुंग ताब्यातल्या माणसांची यादी संकेतस्थळावर टाकतात. नाव टाकलं की फोटो, गुन्हा आणि जामिनाची रक्कम समोर येते. रोहनचा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याने त्याच सवयीने रात्रीत शोध घेतला आणि 'भारतातल्या अटकांच्या नोंदी' विकणाऱ्या एका साइटवर काही डॉलर भरले. हाती आलं ते रोहनच्या नावाच्या दुसऱ्याच कुणाच्या जुन्या कोर्टकेसचं पान, तेही सरकारी न्यायालयीन संकेतस्थळावर फुकट दिसणारं. अशा साइटवर ताजी अटक सहसा सापडत नाही, कारण पोलीस ठाण्याची नोंद त्यांच्यापर्यंत थेट पोहोचत नाही.

मुंबईत तुरुंगातल्या बंद्यांची सर्वांना शोधता येईल अशी यादी नाही. आहे ती कागदांची रांग: स्टेशन डायरी (पोलीस ठाण्याची रोजची नोंदवही), एफआयआर, अटक फॉर्म, रिमांड (कोठडी मागण्याचा) अर्ज, तुरुंगाचं वॉरंट. पहिल्या दोन दिवसांत माणूस जसा पुढे सरकतो तसा कागद सरकतो, आणि दर वेळी तो वेगळ्या कार्यालयात असतो.

कायद्याने सोय केलेली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३७ सांगतं, की प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा एक अधिकारी अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ठेवण्यासाठी नेमलेला असावा, आणि ही माहिती ठाण्यात ठळकपणे लावावी. कलम ४८ नुसार अटक झालेल्याने सांगितलेल्या नातेवाइकाला किंवा मित्राला लगेच कळवणं बंधनकारक आहे. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अटकेची माहिती १२ तासांच्या आत नियंत्रण कक्षाला कळवायला सांगितलं होतं.

मग अडलं कुठे? नियंत्रण कक्ष कुणाचा, इथे. मुंबई पोलीस आणि लोहमार्ग पोलीस ही दोन स्वतंत्र आयुक्तालयं आहेत. दादर पोलीस ठाणे वेगळं, दादर लोहमार्ग पोलीस ठाणे वेगळं. दोघांच्या डायऱ्या, गुन्ह्यांचे क्रमांक आणि वरिष्ठ सगळे निराळे. फलाट, पूल, रूळ आणि डबा लोहमार्गकडे. जिना उतरून रस्त्यावर आलात की शहर पोलीस. आरपीएफ तिसरंच, ते केंद्राचं दल. विनातिकीट, साखळी ओढणं, रूळ ओलांडणं असे रेल्वे कायद्याचे गुन्हे ते स्वतः हाताळतं, चोरी-मारामारी लोहमार्गकडे सोपवतं. शिवाय गुन्हे शाखेची युनिटं, अमली पदार्थविरोधी कक्ष आणि ठाणे शहरातून किंवा परराज्यातून येऊन माणूस नेणारी पथकं आहेतच. 'पोलिसांनी नेलं' या दोन शब्दांत मुंबईत एवढं सगळं मावतं.

समोर असलेले पर्याय

रात्री एक वाजता मामांसमोर चार वाटा होत्या: जवळची ठाणी पालथी घालणं, १०० किंवा ११२ वर विचारणं, घराजवळच्या ठाण्यात बेपत्ता असल्याची तक्रार देणं, किंवा एखादा वकील गाठणं.

त्यांनी आधी पहिल्या दोन वाटा धरल्या. स्टेशनबाहेरची शहर पोलिसांची तीन ठाणी झाली, कुठेच नाव नाही. नियंत्रण कक्षातही नाही. दोन्ही उत्तरं खरी होती. शहर पोलिसांच्या नोंदीत तो नव्हताच. आणि फोन लोहमार्गच्या कक्षाला गेला असता तरी रात्री दोन वाजता ११:४० ची अटक तिथे चढलेली असेलच असं नाही. १२ तासांची मुदत सकाळी ११:४० पर्यंत होती. 'नाही' असं उत्तर मिळालं की त्याचा अर्थ 'आमच्याकडे, या क्षणापर्यंत नाही' एवढाच घ्यावा. मामांनी तो 'पोलिसांकडे नाही' असा घेतला आणि पहाटे दोन मोठ्या इस्पितळांचे अपघात विभाग शोधले. ती धावपळ वाया गेली असं म्हणता येणार नाही, तो तपास कधीतरी करावाच लागला असता. क्रम मात्र चुकला.

बेपत्ता तक्रारीच्या वेळी त्यांना "२४ तास थांबा" असं सांगण्यात आलं. असा कोणताही नियम नाही. प्रौढ माणसाची मिसिंग कधीही नोंदवता येते आणि ती नोंदली की बिनतारी संदेश इतर ठाण्यांना जातो. इथे तो संदेश रात्रीच गेला असता तर शोध कदाचित तिथेच थांबला असता.

पोर्टलवर काय दिसलं नाही

रविवारी सकाळी मामेबहिणीने महाराष्ट्र पोलिसांचं सिटिझन पोर्टल उघडलं. तिथे प्रकाशित एफआयआर पाहता येतात: जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारखांची मुदत निवडायची. तिने जिल्हा बृहन्मुंबई ठेवला, शनिवार-रविवारच्या तारखा टाकल्या, आसपासची सगळी ठाणी पाहिली. काही मिळालं नाही.

कारणं दोन, आणि एक असतं तरी पुरलं असतं. लोहमार्ग मुंबई हा त्या यादीत वेगळा जिल्हा असतो. बृहन्मुंबईत कितीही शोधलं तरी लोहमार्गचा गुन्हा येणार नाही. दुसरं, एफआयआर संकेतस्थळावर टाकायला २४ तासांची मुदत आहे, २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार, आणि जोडणीची अडचण असेल तिथे ती वाढते. शनिवारी रात्री उशिरा नोंदलेला गुन्हा रविवारी सकाळी न दिसणं स्वाभाविक होतं. लैंगिक गुन्हे, पॉक्सो आणि दहशतवादासारख्या संवेदनशील गुन्ह्यांचे एफआयआर तर टाकलेच जात नाहीत, म्हणून पोर्टलवर नाव नसणं हा कशाचाच पुरावा नाही.

एक तिसरी अडचण संध्याकाळी दिसली. पोर्टलवरच्या अटक आरोपींच्या नोंदीत रोहनचं नाव आणि वडिलांचं नाव होतं, आडनाव गाळलेलं. आडनावाने शोधणाऱ्याला ते कधीच मिळालं नसतं. नावाने शोधताना नुसतं पहिलं नाव, मग वडिलांचं, मग इंग्रजीतली दोन-तीन स्पेलिंगं, असं करून पाहावं. त्याहून बरं म्हणजे नाव टाकूच नये. ठाणं आणि तारीख देऊन त्या दिवसाचे सगळे गुन्हे वाचून काढावेत. एका ठाण्याचे एका दिवसाचे गुन्हे वाचायला फार वेळ लागत नाही.

व्हॉट्सअॅपवरची चूक आणि एक फोन

सकाळी दहाला घरच्यांनी फोटो, पूर्ण नाव आणि मामांचा नंबर घालून चाळीच्या ग्रुपवर मेसेज टाकला: "रोहनला पोलिसांनी पकडलं आहे, कुठे आहे माहीत असल्यास कळवा." तासाभरात तो गोदामातल्या ग्रुपवर पोहोचला. अकराला फोन आला: "मुलगा आमच्याकडे आहे, केस मोठी लावू नये असं वाटत असेल तर वीस हजार पाठवा." मामींनी तीन गोष्टी विचारल्या: ठाण्याचं नाव, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) आणि तपास अधिकाऱ्याचं नाव. फोन कट झाला. खरा पोलीस असो वा नसो, हे तीन प्रश्न विचारायचेच, आणि यूपीआयवर एक रुपयाही टाकायचा नाही.

मेसेजमधला 'पकडलं' हा शब्द मात्र परत घेता आला नाही. 'घरी आला नाही, शेवटचा फोन साडेनऊला' एवढं पुरलं असतं.

ठावठिकाणा कसा लागला

दुपारी एकच्या सुमारास शेजारच्या वकीलताईंना फोन गेला. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "मामा, राडा फलाटावर झाला की स्टेशनच्या बाहेर?" मित्राला पुन्हा विचारलं. फलाटावर. ताईंनी लोहमार्ग पोलिसांच्या १५१२ या हेल्पलाइनवर विचारून त्या स्थानकाची हद्द कोणत्या लोहमार्ग ठाण्याकडे येते ते काढलं. प्रत्येक स्थानकाला स्वतःचं ठाणं नसतं. एका ठाण्याकडे बरीच स्थानकं असतात आणि ठाणं दोन-तीन स्थानकं पुढेही असू शकतं.

ठाण्यात गेल्यावर मामांनी ठाणे अंमलदारांना आडनाव सांगितलं. नाही म्हणाले. ताईंनी वेगळं विचारलं: "साहेब, काल रात्री नऊ ते बारामध्ये आरपीएफने कुणाला हवाली केलंय का? डायरीत बघा ना." नोंद लगेच निघाली. वेळ आणि घटनेवरून विचारलं की अंमलदाराला डायरीचं एक पान उलटावं लागतं. नावावरून विचारलं की त्याला आठवावं लागतं.

नातेवाइकांना का कळवलं नाही, याचंही उत्तर डायरीत होतं. रोहनचा फोन मुद्देमालासोबत जप्त होऊन बंद झालेला. त्याला पाठ होता तो एकच नंबर, आईचा जुना, वर्षापूर्वी बंद पडलेला. पोलिसांनी तो दोनदा लावला आणि 'संपर्क झाला नाही' अशी नोंद केली. कलम ४८ मध्ये मित्रही चालतो. पण मित्राचा नंबर तरी कुणाला पाठ असतो?

ताईंनी तिथेच चार गोष्टी लिहून घेतल्या: गु.र.नं. आणि वर्ष, कलमं, अटकेची वेळ, आणि कोर्टात कुठे, किती वाजता हजर करणार. अटकेची कारणं लेखी दिली आहेत का हेही विचारलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्याच गुन्ह्यांसाठी ती लेखी, आरोपीला कळणाऱ्या भाषेत आणि उशिरात उशिरा रिमांडच्या दोन तास आधी देणं आवश्यक ठरवलं आहे. इथे एक छापील कागद दिला होता, मराठीत.

ठाण्याला स्वतःची कोठडी नव्हती. रोहन रात्रभर दुसऱ्या ठाण्याच्या कोठडीत होता, म्हणून दुपारपर्यंत ठाण्यात बसून राहिलं असतं तरी तो दिसला नसता. मुंबईत हे सर्रास होतं. माणूस दिसत नाही म्हणून तो इथे नाही असं समजू नये. 'कोणत्या लॉकअपला ठेवलाय?' असं विचारावं.

रिमांड: रविवार असल्याचा घोळ

ताब्यात घेतल्यापासून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं, प्रवासाचा वेळ वगळून. मामा नेहमीच्या कोर्टाकडे निघाले होते. रविवारी ते बंद. सुट्टीच्या दिवशी ठरावीक ठिकाणचंच हॉलिडे कोर्ट बसतं आणि आसपासच्या बऱ्याच ठाण्यांचे आरोपी तिथे नेले जातात. कोणतं, ते तपास अधिकारी किंवा कोर्टाचा पोलीस कारकून सांगतो.

वकील स्वतःचा लावायचा की विधी सेवा प्राधिकरणाचा, हा निर्णय अर्ध्या तासात घ्यायचा होता. प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० आहे आणि रिमांडच्या वेळी मोफत वकील मिळणं हा आरोपीचा हक्क आहे. ताई स्वतः उभ्या राहिल्या. वकालतनाम्यावर रोहनची सही कोर्टाच्या आवारातच घेतली. तो एकदा तुरुंगात गेला की तीच सही अधीक्षकांमार्फत घ्यावी लागते आणि त्यात एक-दोन दिवस जातात.

त्यांनी दोन मुद्दे मांडले. शिक्षा ७ वर्षांपर्यंतच आहे, तेव्हा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन सोडता आलं असतं, अटक का गरजेची होती याची कारणं कागदावर हवीत. आणि आरपीएफने धरलं दहाच्या सुमारास, अटक ११:४० ला. मधला वेळ कुठे मोजला? न्यायालयाने दुसरा मुद्दा नोंदवून घेतला, पण २४ तास उलटले नव्हते. एक दिवसाची पोलीस कोठडी मिळाली. सोमवारी पोलिसांनी आणखी कोठडी मागितली नाही आणि १४ दिवसांची न्यायालयीन कोठडी झाली. कोर्टाच्या बोलीत पीसी (पोलीस कोठडी) संपली, एमसी (न्यायालयीन कोठडी) झाली.

इथे घरच्यांना हायसं वाटलं, ते थोडं घाईचं होतं. नव्या संहितेत १५ दिवसांची पोलीस कोठडी सलगच घ्यावी असं नाही. पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यांनी मागता येते. तुरुंगात गेलेला माणूस परत ठाण्यात येऊ शकतो, आणि तेव्हा शोध पुन्हा पहिल्या पायरीवर.

कोणता तुरुंग?

मंगळवारी आई आणि मामी कपड्यांची पिशवी घेऊन आर्थर रोडला गेल्या. मुंबईचा आरोपी म्हणजे आर्थर रोड, असंच सगळ्यांना वाटतं. दारावर कळलं, इथे नाही. आर्थर रोड कायम खचाखच भरलेला असतो. मुंबईतले बंदी तळोजा, ठाणे, कल्याणलाही जातात, स्त्रिया भायखळ्याला. १८ च्या आतला असता तर तुरुंगाचा प्रश्नच नव्हता, बाल न्याय मंडळ आणि डोंगरीचं निरीक्षणगृह तपासावं लागलं असतं.

तुरुंगाचं नाव वॉरंटवर असतं. ते सोमवारी संध्याकाळीच कोर्टाच्या कारकुनाला किंवा नेणाऱ्या पोलीस पार्टीला विचारता आलं असतं. त्यातही एक मेख आहे: कोर्टातून निघायला उशीर झाला की तुरुंग संध्याकाळी नवा बंदी सहसा घेत नाही, मग तो रात्र पोलीस कोठडीतच काढतो आणि दुसऱ्या दिवशी दाखल होतो. त्या मधल्या रात्री तुरुंगाच्या नोंदीत त्याचं नाव नसतं. रोहनचं तसंच झालं. तळोज्यात त्याची नोंद मंगळवारी दुपारी चढली.

भेटीसाठी ई-मुलाकातवर, म्हणजे तुरुंगभेटीच्या सरकारी ऑनलाइन सेवेवर, अर्ज केला. नातं, भेटणाऱ्याचं ओळखपत्र, बंद्याचं नाव, वय, वडिलांचं नाव आणि तुरुंग द्यावा लागतो. हे शोधायचं साधन नाही, तुरुंग माहीत असेल तरच चालतं. पहिला अर्ज परत आला, कारण त्यात आडनाव होतं आणि तुरुंगाच्या नोंदीत नव्हतं. अटक फॉर्मवर जसं नाव लिहिलं गेलं तसंच ते पुढे सगळीकडे जातं. ते दुरुस्त करून घ्यायची जागा रिमांडचं कोर्ट; तिथे वकिलाने तोंडी सांगितलं तरी बऱ्याचदा काम होतं.

निकाल

जामीन अर्ज सोमवारीच दाखल झाला होता. बुधवारी सुनावणी, १५ हजारांचा जामीन, सुरुवातीला रोख भरून आणि चार आठवड्यांत जामीनदार देण्याच्या अटीवर. सुटकेचा आदेश बुधवारी संध्याकाळी तयार झाला, तुरुंगात पोहोचला गुरुवारी सकाळी. रोहन गुरुवारी संध्याकाळी बाहेर आला. गोदामाने व्हॉट्सअॅपवरचा मेसेज पाहून त्याला कामावर घेतलं नाही. खटला अजून चालू आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठा फरक रात्री साडेबाराच्या त्या फोनवर पडला असता. मित्राला नेमकी जागा, वेळ आणि वर्दी विचारायला हवी होती. खाकी वर्दी शहराची असेल किंवा लोहमार्गची, म्हणून वर्दीवरून सगळं कळत नाही. पण फलाट की रस्ता हे मित्राला ठाऊक होतं. कुणी विचारलं नाही एवढंच. त्यानंतर १५१२, लोहमार्ग ठाणं, आणि त्याच वेळी घराजवळ मिसिंग. इस्पितळं तिसऱ्या क्रमांकावर, तीसुद्धा फोनवरून.

कागदोपत्री मार्ग म्हणून कुणीतरी माहिती अधिकाराचं सुचवलं होतं. व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी अशी त्या कायद्यात तरतूद आहे, पण माणूस २४ तासांत कोर्टासमोर येणार असेल तर हा अर्ज उशिराचाच ठरतो. त्याचा उपयोग नंतर, डायरीच्या नोंदी तपासायला. ४८ तास उलटूनही कोणतंच दल अटक कबूल करत नसेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टासमोर हजर करा अशी याचिका. त्या वेळी कुठे, किती वाजता, कुणाला विचारलं आणि काय उत्तर मिळालं याची वहीतली नोंद कामाला येते. मामांनी ती ठेवली नव्हती.

जामिनानंतरचा शोध ई-कोर्ट्सवर, म्हणजे न्यायालयांच्या सरकारी संकेतस्थळावर, सोपा आहे. एफआयआर क्रमांक, वर्ष आणि ठाणं टाकलं की प्रकरण निघतं. एकदा सीएनआर, म्हणजे प्रकरणाचा १६ अक्षर-अंकांचा क्रमांक, मिळाला की नावाच्या स्पेलिंगचा प्रश्नच उरत नाही, पुढची तारीख मोबाईलवर पाहता येते. रोहनचा स्वतःचा फोन अजून मुद्देमालात आहे. तो परत मिळवण्यासाठी न्यायालयात वेगळा अर्ज लागतो, आणि सोबत खरेदीचं बिल किंवा आयएमईआय क्रमांक असलेला खोका. खोका गोवंडीच्या घरी माळ्यावर सापडला, अर्ज पुढच्या तारखेला आहे.